दुशिंगबाईंचा शेजारधर्म

"डबा परत आलाय," शमुवेलराव दारातूनच म्हणाले. "भरून आलाय."

"भरून म्हणजे काय?" मोनिकाबाईंनी विणकामाच्या सुया खाली ठेवल्या.

"म्हणजे रिकामा नाही. धपाटे आहेत, शेंगदाण्याची चटणी आहे. धपाटे अजून गरम आहेत."

"अहो, पण मी त्यांना केक पाठवला होता!"

"तो त्यांनी ठेवून घेतला. मग रिकामा डबा कसा पाठवायचा, म्हणाल्या. कंपाउंडवरूनच दिला माझ्या हातात."

मोनिकाबाईंना संताप आला. धपाट्यांचा वास फार चांगला येत होता, त्यामुळे तो जरा जास्तच आला. माणसानं केक करावा, त्यात घरातली उरलीसुरली टूटीफ्रूटी घालावी, नवऱ्याला बाहेरचा शर्ट घालायला लावून तो शेजारी पाठवावा, आणि केक अजून कापलाही नसेल तोवर त्याची फेड दारात हजर! याला काय उपकार म्हणतात? हा तर बाजार झाला. तुम्ही केक दिलात, आम्ही धपाटे दिले, विषय मिटला.

या संतापाला कारण होतं, आणि ते रविवारी उपासनेत घडलेलं होतं. त्यांच्या चर्चला नवे पाळकसाहेब आले होते. ते तरुण होते, दाढी राखत होते आणि उपदेश लवकर संपवत होते. म्हणजे मोनिकाबाईंच्या मते एका माणसात जेवढे दोष असू शकतात तेवढे त्यांच्यात होते. त्यांनी पुलपिटावरून जाहीर केलं, "यंदा नाताळापर्यंत पत्रकं वाटायची नाहीत. कोणाच्या दारात जाऊन कोणाला काही समजावायचं नाही. प्रत्येक घरानं फक्त एक शेजारी निवडायचा आणि त्याच्याशी चांगलं वागायचं. आपला ख्रिस्त लोकांना आपल्या वागण्यातून दिसू द्या. मी घरभेटीला येईन, तेव्हा त्या घरानं साक्ष द्यायची, म्हणजे काय घडलं ते सांगायचं; पुढं ती मंडळीतही वाचू."

"चांगलं कसं वागायचं हे मला हा मुलगा शिकवणार!" परत येताना रिक्षात मोनिकाबाईंच्या तोंडाचा पट्टा पडेगावपर्यंत चालू होता. "अख्खी हयात शाळेत शिकवलं मी, रविवारी शब्बाथशाळा चालवली. याच्या वयाची पोरं माझ्या हाताखालून दहा आज्ञा पाठ करून गेली."

"मग तू उठून उभी कशाला राहिलीस?" शमुवेलरावांनी विचारलं. ते एस.टी.तून निवृत्त झाले होते आणि रिक्षात ते नेहमी मोजकंच बोलत.

हेच तर झालं होतं. पाळकसाहेबांचं वाक्य संपायच्या आत मोनिकाबाई उभ्या राहिल्या होत्या. "आमच्या शेजारी पाचोडकडचं एक कुटुंब नवीन राहायला आलंय. त्यांची जबाबदारी माझी. आणि साक्ष अशी देईन, की मंडळी जन्मभर लक्षात ठेवील." सगळ्या मंडळीसमोर बोलून बसल्या होत्या. आता माघार घेतली असती तर महिला मंडळात तोंड दाखवायला जागा नव्हती.

आणखी एक कारण होतं, पण ते त्या रिक्षात बोलल्या नव्हत्या. त्यांचं लहानपण कन्नडजवळच्या एका खेड्यात गेलं. मिशनकडून घरी दुधाची भुकटी यायची, कोणाचे कोणाचे जुने फ्रॉक यायचे. तसला फ्रॉक घालून शाळेत गेलं की पोरं मागून ओरडायची, "भुकटीवाली आली! भुकटीवाली आली!" तेव्हाच त्या पोरीनं मनाशी ठरवून टाकलं होतं, की मोठी झाल्यावर देईन, कोणाचं घेणार मात्र नाही. लग्नात त्यांनी आहेर घेतला नाही. शाळेतल्या निरोप समारंभाची शाल त्यांनी तिथल्या तिथं शिपाईबाईंच्या खांद्यावर घातली. आणि आता काल-परवा राहायला आलेली एक बाई त्यांना धपाटे पाठवत होती!

या बाईंचं नाव राजाबाई. त्यांचा नवरा मुंजाबा. आयुष्य मेंढरांमागं हिंडण्यात गेलेलं. मुलगा राम वाळूजच्या एका कंपनीत लागला, त्यानं पडेगावात दुशिंगांच्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर घेतलं, आणि मेंढरं भावकीत देऊन म्हातारा-म्हातारी मुलाकडं आली. सून प्रांजली दिवसभर एका दवाखान्यात कामाला जायची. म्हणजे दिवसा घरात ही दोघंच, आणि दोघांनाही नुसतं बसून राहायची सवय नव्हती. त्यामुळे मोनिकाबाई काय पाठवतात याची राजाबाई जणू वाटच बघत बसायच्या.

दुसऱ्या दिवशी मोनिकाबाईंनी मोठा डबा काढला आणि पुलाव पाठवला. डबा आला तो येसरच्या आमटीनं काठोकाठ भरून. शमुवेलरावांनी तो दोन्ही हातांनी, श्वास रोखून आणला.

"मला काही तक्रार नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला कशाला असेल? तुमचं पोट सुटतंय. माझ्या साक्षीचं काय? मी काय सांगू मंडळीला? मी पुलाव दिला आणि त्यांनी आमटी दिली, आमेन?"

"आमटीचं सांगू नकोस."

"म्हणजे खोटी साक्ष देऊ? चर्चमध्ये?"

मोनिकाबाईंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी त्यांना रोगाचं मूळ सापडलं. सगळा घोळ डब्याचा होता. या लोकांना रिकामा डबा परत करता येत नाही ना? मग त्यांना डबाच द्यायचा नाही! त्यांनी गुलाबजाम केले आणि पानांच्या द्रोणांत घालून पाठवले. द्रोण काही कोणी धुऊन परत करत नाही. त्या दिवशी दुपारी मोनिकाबाई बऱ्याच दिवसांनी शांत झोपल्या.

संध्याकाळी कंपाउंडवरून हाक आली.

"अवो बाई! हायसा का घरात?"

राजाबाईंच्या हातात त्यांचा स्वतःचा कडीचा डबा होता. "गावाकडून चीक आल्ता. खरवस केलाय. घ्या. आन् डबा रिकामाच द्या बरं का. काय भरू-बिरू नगासा, आमी काय परके नाय."

डबा देऊनही राजाबाई कंपाउंडच्या भिंतीवर कोपरं टेकून जरा रेंगाळल्या. मोनिकाबाई "बरं" म्हणाल्या आणि आत येऊन त्यांनी दार लावून घेतलं. डोकं भणभणत होतं. आता शेजारणीचा डबा त्यांच्या घरात आला होता, आणि रिकामं भांडं परत करू नये हे त्यांनाही त्यांच्या आईनं शिकवलेलं होतं. मिशनची भुकटी खाल्ली म्हणून काय झालं, माणसं कन्नडचीच होती. आईची शिकवण मोडायची की राजाबाईंपुढं हार मानायची? त्यांनी दात-ओठ खात तो डबा शंकरपाळ्यांनी भरला.

त्यानंतरचे दिवस दोन्ही घरांतल्या डब्यांनी काही विश्रांती घेतली नाही. शंकरपाळ्यांच्या बदल्यात बोरं आली. बोरांच्या बदल्यात नानकटाई गेली. नानकटाईच्या बदल्यात हुलग्याचे शेंगोळे आले, आणि त्याबरोबर "जास्तीचं झालं व्हतं" म्हणून मेथीची एक जुडी आली. एक डबा जाताना दुसरा यायचा. शमुवेलराव कंपाउंडपाशी एक खुर्चीच टाकून बसायला लागले. फ्रीजमध्ये हात घालायला जागा उरली नाही, आणि साक्षीच्या वहीत मोनिकाबाईंनी 'प्रिय मंडळी' याच्या पुढं एक अक्षर लिहिलं नव्हतं.

"ही बाई मला देऊच देत नाही हो!" एके दिवशी त्या रडकुंडीला आल्या. "चांगलं वागायला कुणी थोडीतरी उसंत देतं की नाही?"

शेवटी त्यांनी ठरवलं, की आता वस्तू द्यायचीच नाही, सेवा करायची. सेवा काही डब्यात भरून परत येत नाही. आणि संधीही चालून आली. त्यांच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि त्या दिवशी माणसं लग्नकार्यसुद्धा पुढं ढकलतात. नेमकी त्याच दिवशी राजाबाई आणि मुंजाबा पाचोडच्या बाजाराला गेली होती, राम-प्रांजली कामावर. घराला कुलूप. नळ आला आणि मोनिकाबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आधी त्यांचा हौद भरायचा," त्यांनी हुकूम सोडला. "मग आपला. पाइप द्या कंपाउंडवरून पलीकडे."

"आधी आपला भरू," शमुवेलराव म्हणाले. "पाण्याचा भरवसा नाही."

"हीच ती वृत्ती! आधी आपलं! अहो, अशानं का ख्रिस्त दिसणार आहे लोकांना?"

शमुवेलरावांनी पाइप पलीकडच्या हौदात सोडला. मोटर सुरू झाली. आणि मोनिकाबाई समाधानानं वही घेऊन बसल्या. 'प्रिय मंडळी' याच्या पुढं आता भराभरा सुचायला लागलं. आपल्या तोंडचं पाणी शेजाऱ्याला देणे, या विषयावर त्यांनी पानामागून पान लिहिलं. लिहिताना त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. पाइप केव्हाच हौदातून निसटला होता, हे काही त्यांना दिसलं नाही. शमुवेलराव कंपाउंडपाशी खुर्चीत बसले होते, पण सवयीनं त्यांना तिथं डुलकी लागली होती.

जेव्हा आरडाओरडा झाला, तेव्हा नळ गेलेला होता. राजाबाईंच्या अंगणातून पाणी गल्लीत गेलं होतं. नव्या पाइपलाइनसाठी गल्ली खणून ठेवलेली, काळी माती वर काढलेली; त्या सगळ्याचा दुशिंगांच्या गेटसमोर असा रबरबाट झाला होता, की कुत्रंसुद्धा लांबून बघून मागं फिरत होतं. राजाबाईंनी ऊन द्यायला पसरलेल्या घोंगड्या पाण्यात भिजून जड झाल्या होत्या. आणि दुशिंगांच्या स्वतःच्या टाकीत थेंब नव्हता.

संध्याकाळी राजाबाई आल्या, त्यांनी घोंगड्या पाहिल्या. मोनिकाबाई कंपाउंडपाशी मान खाली घालून उभ्या होत्या. निदान आता तरी ही बाई भांडेल, चार शब्द बोलेल, असं त्यांना वाटलं. भांडण झालं असतं तर क्षमा तरी मागता आली असती.

"बरं झालं की!" राजाबाई म्हणाल्या. "घोंगड्या धुवायच्याच व्हत्या. माझं काम वाचलं. आन् बाई, तुमच्या टाकीत पानी ऱ्हायलं का नाय? आमचा हौद भरलाय, रामला सांगते, चार कळशा..."

"आहे आमच्याकडे पाणी," मोनिकाबाई ताडकन म्हणाल्या. "भरपूर आहे."

शब्बाथशाळेच्या बाई धडधडीत खोटं बोलल्या होत्या. पण जिला पाणी दिलं तिच्याकडूनच पाणी घ्यायचं? मग साक्षीची ती सगळी पानं काय चुलीत घालायची? त्यांनी पाण्याचे जार मागवून दिवस काढायला सुरुवात केली. पण गल्लीतला चिखल बघून जारवाल्याच्या टेम्पोनं दोनच दिवसांत येणं बंद केलं. आणि नेमका शनिवारी सकाळी पाळकसाहेबांचा फोन आला, की आज दुपारी घरभेटीला येतो, पाळकबाई आणि गायनमंडळाची मुलंही आहेत, घर कुठलं ते सांगा.

"ओळीतलं शेवटून दुसरं," शमुवेलराव फोनवर म्हणाले. "फिकट निळं गेट." सगळ्या ओळीला बिल्डरनं फिकट निळंच गेट दिलं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

घरात होतं नव्हतं ते पाणी पुलावात आणि भांडी विसळण्यात संपलं. मोनिकाबाईंनी नवऱ्याला स्कूटरवरून जार आणायला पिटाळलं, चिखल आत उडू नये म्हणून पुढचं दार लावून घेतलं आणि स्वयंपाकघरात साक्ष म्हणून पाहायला सुरुवात केली. दुपार झाली. पुलाव निवायला लागला. ना पाळकसाहेब आले, ना शमुवेलराव, ना पाणी. तरुण पाळक आणि वेळ यांचं कधी जमलं नाही, असं मोनिकाबाईंनी मनात नोंदवून ठेवलं.

तेवढ्यात ढोलकी वाजली. पाठोपाठ टाळ वाजले, आणि गीत सुरू झालं. मोनिकाबाईंनी आवाज तत्काळ ओळखले. त्यांचं गायनमंडळ होतं ते! वरच्या पट्टीत किंचाळणारी पोरगी त्यांच्याच शब्बाथशाळेतली. त्या पदर सावरत दाराकडं धावल्या, दार उघडलं. दारात कोणी नव्हतं. गेटपाशी कोणी नव्हतं. गीत भिंतीपलीकडून येत होतं.

मोनिकाबाईंचं चर्च राजाबाईंच्या घरात भरलं होतं.

आता मात्र हद्द झाली. केकची फेड केली, पुलावाची केली, गुलाबजामांची केली. ती एक वेळ सोडून देऊ. पण पाळकसाहेबसुद्धा पळवायचे? मोनिकाबाईंनी साडी वर खोचली आणि चिखलात पाय घातला. एक चप्पल तिथंच राहिली. दुसरी त्यांनी रागानं स्वतःच सोडून दिली.

आत बैठकीच्या खोलीत घोंगड्या अंथरल्या होत्या. त्यावर पाळकसाहेब मांडी घालून बसले होते आणि भाकरी चुरत होते. पाळकबाईंच्या ताटात ठेचा होता आणि त्या नाक पुसत हसत होत्या. मुंजाबा डोळे मिटून टाळ वाजवत होते आणि पोरं त्यांच्या ठेक्यावर गात होती. आणि कोपऱ्यात, धुतलेल्या पायांनी, मुंजाबांचं धोतर नेसून, शमुवेलराव आमटी भुरकत होते.

"तुम्ही?" मोनिकाबाईंच्या तोंडून एवढंच आलं.

"स्कूटर घसरली," शमुवेलराव म्हणाले. "जार फुटला. पँट भरली चिखलानं. यांनी आत घेतलं."

"आणि हे?"

"ती समदी तुमच्या गेटपाशी चिखल बघून हुभी व्हती," राजाबाई भाकरी थापता थापता आतून म्हणाल्या. "म्या म्हणलं, इकडून या, इकडं कोरडं हाय. पानी दिलं. मग जेवाया वाढलं."

"अहो, पण कोण आहेत, कोणाकडे आलेत, हे विचारायचं नाही?"

राजाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हाताला पीठ तसंच. "पाव्हन्याला दारात इचारायचं का, तू कुनाचा हाईस म्हनून? पोटात घास गेल्याबिगर आमी कुनाला इचारत नाय. आता इचारनारच व्हते, तर त्यांनी भजन धरलं."

पाळकसाहेबांनी घास गिळला आणि ते भारावलेल्या आवाजात म्हणाले, "सलाम, बाई! अहो, काय कल्पना काढलीत! शमुवेलराव इथंच दिसले तेव्हा लक्षात आलं. मला वाटलं, तुम्ही साक्षीचं भाषण कराल. पण तुम्ही आम्हाला थेट शेजाऱ्यांच्याच घरी बसवलंत. याहून मोठी साक्ष कुठली?"

खोलीत सगळे मोनिकाबाईंकडं कौतुकानं बघायला लागले. नुसतं गप्प राहिलं असतं तरी चालण्यासारखं होतं. साक्ष झाली असती, मंडळीनं ती जन्मभर लक्षातही ठेवली असती. मोनिकाबाईंना मोह झाला, हे कबूल केलं पाहिजे. त्या गप्प राहिल्या.

पण पाळकसाहेब तरुण होते, त्यांना कुठं थांबावं हे अजून कळत नव्हतं. ते राजाबाईंकडं वळले. "मग मावशी, आमच्या मोनिकाबाई शेजारीण म्हणून कशा आहेत?"

"खरं सांगू का बरं वाटंल आसं सांगू?"

"खरंच सांगा."

राजाबाईंनी हाताचं पीठ झटकलं. बहुतेक बरेच दिवस त्या कोणीतरी हे विचारायची वाट बघत होत्या. "लई दिलं बाईनं. नाय कशाला म्हणू? केक दिला, पुलाव दिला. पानी तर सगळ्या गल्लीला दिलं. पर साहेब, इथं आल्यापून एकदा, एकदा तरी 'ये गं राजा, बस घडीभर' आसं म्हणल्या का, इचारा त्यान्ला. म्या डबा घेऊन जायचं, भितीवर कोपरं टेकून हुभं ऱ्हायचं. डबा घेतला की दार बंद. डबा दिला की दार बंद. म्या मालकाला म्हणलं, आपुन मेंढरामागची मानसं, अंगाला वास येत आसंल आपल्या. म्हनून समद्या घोंगड्या उन्हात टाकल्या व्हत्या. वास जाईल तर बलवतीन, म्हणलं."

मुंजाबांनी टाळ हळूच खाली ठेवले. "आगं, पाव्हन्यांदेखत काय काढतीस," ते म्हणाले.

"त्यांनीच इचारलं, खरं सांग म्हनून."

मोनिकाबाई अनवाणी, चिखलाच्या पायांनी उंबऱ्यापाशी उभ्या होत्या. त्यांना त्यांची आई दिसली. कन्नडजवळच्या त्या गावात आईला कोणी ओट्याच्या वर येऊ देत नव्हतं. आई पायरीखाली उभी राहायची आणि वरून ओंजळीत पाणी ओतलं जायचं. आई कधी रागावली नाही. तिच्या वाटणीचा राग मोनिकाबाईंनीच जन्मभर बाळगला होता. ज्यांनी आईला दारात उभं केलं त्या सगळ्यांवरचा राग. आणि इतके दिवस त्यांच्या स्वतःच्या कंपाउंडला कोपरं टेकून एक बाई उभी होती, आणि आपल्या अंगाला वास येतो असं समजत होती. आजवर मोनिकाबाईंनी पुष्कळ लोकांवर संताप केला होता, पण संतापायला इतका योग्य माणूस त्यांना कधी मिळाला नव्हता.

"उठा," त्या म्हणाल्या.

"बाई, अजून भाकरी..." पाळकसाहेब म्हणाले.

"ताटं घेऊन उठा! सगळे माझ्या घरी चला. आत्ताच्या आत्ता. राजाबाई, तुम्ही आधी. मुंजाबा, चला. अहो, तुम्ही काय बघताय, धोतर सावरा आणि उठा!"

शाळेत हा आवाज ऐकून वर्गच्या वर्ग उठायचे. इथंही सगळे उठले. मुंजाबांनी चिखलावर एक फळी टाकली, आणि त्या फळीवरून एकामागून एक, हातात ताटं, बगलेत ढोलकी, असं ते सगळं लटांबर निघालं. शमुवेलराव धोतर धरून सगळ्यांत मागं होते. समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली. कसली मिरवणूक आहे ते त्यांना कळेना.

मोनिकाबाई आपल्या दारात उभ्या राहिल्या. "या, राजाबाई," त्या म्हणाल्या. हे शब्द त्यांना एवढे जड जातील असं त्यांना वाटलं नव्हतं. "आत या. बसा."

राजाबाई पाय पुसून पुसून आत आल्या. सोफ्याच्या अगदी कडेला टेकल्या.

"कडेला नाही. नीट बसा. मागं टेकून."

राजाबाई मागं टेकल्या, आणि सोफा एवढा मऊ आहे म्हणून त्यांना हसू आलं. मुंजाबा बसले, पाळकसाहेब बसले, मुलं जमिनीवर बसली. आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं असतं. मोनिकाबाईंनी ताटलीत पाहुण्यांचे पेले मांडले आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

त्या बराच वेळ आतच राहिल्या.

माठ कोरडा होता. फिल्टरची तोटी पिळली तर नुसता सुस्कारा आला. टाकी कोरडी. शमुवेलरावांनी आणलेला जार गल्लीत फुटून पडला होता. मोनिकाबाई पालथ्या पेल्यांकडं बघत उभ्या राहिल्या. बाहेर पाळकबाई हळूच म्हणाल्या, "बाई, राहू द्या हो, आम्ही तिकडे प्यालोय." पण राजाबाई मोनिकाबाईंच्या घरात अजून काही प्यालेल्या नव्हत्या, आणि पहिल्यांदा आलेल्या माणसाला कोरड्या घशानं बसवणं मोनिकाबाईंना जमणार नव्हतं.

त्या ताटली घेऊन तशाच बाहेर आल्या. जन्मात कोणाकडं काही मागितलं नव्हतं, त्यामुळे कसं मागायचं हेही त्यांना नीट माहीत नव्हतं.

"राजाबाई."

"व्हय, बाई?"

"तुमच्याकडून एक कळशी पाणी आणता का?"

"आन्ते की. कुनाला पायजे?"

"तुम्हालाच द्यायचंय," मोनिकाबाई म्हणाल्या.

राजाबाईंनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं, मग ताटलीतल्या रिकाम्या पेल्यांकडं बघितलं. मग त्यांनी कमरेला पदर खोचला आणि त्या उठल्या. दारापाशी जाऊन मात्र त्या थांबल्या आणि मागं वळून म्हणाल्या, "आन्ते. पर ती जागा कुनाला देऊ नगासा, बाई. मी परत येऊन बसनार हाय."